गंगीचं दावं : उताऱ्यातल्या मुलीला किती कळलं?

गेल्या अंकात आम्ही या सदरात एक उतारा दिला होता आणि एकच प्रश्न विचारला होता : यातल्या मुलीला नेमकं काय कळलं आहे? कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं देत आहोत. उतारा या सदरासाठीच रचलेला आहे, तेव्हा तो कुठल्या कादंबरीत शोधू नये. कादंबरीचं पान मधूनच उघडलं आहे असं समजून वाचावा. मागचा अंक हाताशी नसलेल्यांसाठी तो पुन्हा देतो. (दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी, चरवी म्हणजे दुधाचं भांडं.)

«सकाळी उठलो तर गोठा मोकळा. आई म्हणाली, गंगी मामाच्या गावाला गेलीया, आबा पोचवायला गेल्यात. तिकडं वैरण लई हाय म्हणे. मी म्हटलं, कधी येणार? आई म्हणाली, पाऊस पडला की. मग आईनं माझी वेणी घातली. आज लई घट्ट घातली.

गोठ्यात गंगीचं दावं भिंतीच्या खुंटीला अडकवलेलं होतं. आबांच्या ध्यानात आलं नसणार. मी ते गुंडाळून दप्तरात घातलं. मामा आला की त्याला द्यायचं.

शाळेतनं आलो तर आबा आलेले. कोपऱ्यात भडंगाचा पुडा होता. आबा बाजाराला गेले की भडंग आणतात. आज बाजाराला गेले नव्हते तरी आणलं. मामाच्या गावातबी भडंग मिळत असणार. आईनं पुडा सोडला नाही, तसाच फळीवर ठेवला. आबांनी कोपरीच्या खिशातनं पैसे काढून दोनदा मोजले, एकदा तोंडानं, एकदा नुसतं बोटानं. म्हणाले, "शाळेचं भागलं." आई काही बोलली नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकू दुधाला आल्या. चरवी पालथीच होती. म्हणाल्या, "काय गं, म्हस दिसंना ती?" आईनं चुलीकडं बघितलं. मी म्हटलं, "मामाच्या गावाला गेलीया. पाऊस पडला की येणार हाय." काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि रिकामं भांडं घेऊन गेल्या. आईनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. हाताला शेणाचा वास नव्हता.

रात्री दप्तरातलं दावं काढून मी अंथरुणाखाली ठेवलं. मामाला द्यायचंच हाय. पण मामाला काय ते लगेच लागणार न्हाई.»

प्रश्न : मी नववीला मराठी शिकवते. हा उतारा वर्गात दिला तर जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं : "मुलगी निरागस आहे, तिला म्हैस विकल्याचं कळत नाही." उत्तर चूक म्हणता येत नाही, पण पटतही नाही. मुलांना यापुढं कसं न्यावं? (एक शिक्षिका, राजारामपुरी)

उत्तर : बाई, त्या उत्तरात मुलांनी स्वतःला काय कळलं ते लिहिलं आहे. मुलीबद्दल फक्त 'नाही' एवढाच शब्द आला आहे. म्हैस विकली हे वाचणाऱ्याला पहिल्या दोन परिच्छेदांतच उमगतं, आणि एकदा उमगलं की मुलीकडं बघायचं राहूनच जातं.

पहिली गोष्ट, 'निरागस', 'भाबडी', 'बालसुलभ' हे शब्द कच्च्या उत्तरात वापरायचेच नाहीत असं सांगून टाका. हे शब्द आले की पुढं शोधायचं काही राहत नाही. मग वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखायला लावा : दिसलं-ऐकलं, सांगितलं, जोडलं, केलं. खाली एक आडवी रेघ मारून तिच्याखाली लिहा, 'मला ठाऊक'. ही खालची जागा वाचणाऱ्याची. म्हैस विकली, फी भरायची होती, आईला वाईट वाटलं, हे सगळं तिथं जाईल. रेघेच्या वर फक्त मुलीच्या वाक्यांतलं.

भरायला लागलं की उतारा कसा उलगडतो बघा. 'सांगितलं'मध्ये तीनच गोष्टी येतात : मामाचं गाव, वैरण, पाऊस. 'दिसलं-ऐकलं' मात्र गच्च भरतं. मोकळा गोठा, दावं, घट्ट वेणी, पुडा, दोनदा मोजलेले पैसे, 'शाळेचं भागलं', पालथी चरवी, वास नसलेला हात. म्हणजे मुलीला सांगितलेलं थोडं आणि तिनं बघितलेलं पुष्कळ. 'जोडलं'मध्ये पुन्हा तीनच वाक्यं : आबांच्या ध्यानात आलं नसणार, मामाच्या गावातबी भडंग मिळत असणार, मामाला लगेच लागणार न्हाई. 'केलं'मध्ये दावं दप्तरात, काकूंना उत्तर आणि दावं अंथरुणाखाली.

मुलं कुठं घसरतात तेही आधीच सांगून ठेवतो. 'शाळेचं भागलं' हे मुलीनं ऐकलं, पण त्यावर ती एक अक्षर बोलत नाही. मुलं लगेच 'जोडलं'च्या रकान्यात लिहितात, "तिला कळलं की आपल्यासाठी म्हैस विकली." तसं उताऱ्यात कुठंही नाही. मुळात शाळा कुणाची, हिची की एखाद्या भावाची, तेही सांगितलेलं नाही. तो चौकोन रिकामाच ठेवायचा. रिकाम्या चौकोनाची मुलांना भीती वाटते, कारण परीक्षेत रिकामी जागा म्हणजे शून्य असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. दुसरी घसरण वेणीपाशी होते. मुलगी म्हणते 'लई घट्ट घातली', आणि वहीत उतरतं 'आई चिडली होती'. मुलीनं ताण अनुभवला तो केसांच्या मुळाशी. आईच्या मनातलं ती बोललेली नाही. ते रेघेच्या खाली.

एका तासात हे बसतं. पाच मिनिटं एकानं मोठ्यानं वाचायचं, पंधरा मिनिटं रकाने, उरलेला वेळ भांडण. भांडण झालंच पाहिजे, आणि 'कुठल्या वाक्यावरनं म्हणतोस?' एवढाच प्रश्न त्यात चालेल. उत्तर घरून, सहा वाक्यांत.

प्रश्न : 'नसणार', 'असणार', 'म्हणे' या शब्दांवर तुम्ही गेल्या अंकात खुणा केल्या होत्या. एवढ्याशा शब्दांत काय असतं? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : मूल जेव्हा निवेदक असतं तेव्हा मराठीत सगळा मजकूर याच शब्दांत असतो. उताऱ्यात 'मला कळलं', 'मला वाटलं' असं एकदाही आलेलं नाही. मुलगी विचार करते आहे हे फक्त क्रियापदाच्या शेपटावरून दिसतं.

'असेल', 'असणार' आणि 'असावं' शेजारी ठेवून बघा. 'मामाच्या गावात भडंग मिळत असेल' म्हणजे शक्य आहे, नसेलही. 'मिळत असणार' म्हणजे समोर काहीतरी दिसतंय आणि त्याला दुसरा मेळ लागत नाही, म्हणून हेच खरं धरून चालायचं. 'मिळत असावं' हे लिहिणाऱ्या मोठ्या माणसाचं, मुलीच्या तोंडी आलं असतं तर लेखक पकडला गेला असता. मुलीनं दोन्ही वेळा 'णार' वापरलं आहे. दाव्याला 'नसणार', भडंगाला 'असणार'. या दोनच जागी आईच्या गोष्टीला भोक पडतं आणि त्याच दोन जागी ती ठिगळ लावते. भोक दिसल्याशिवाय ठिगळ कोण लावतं? तेव्हा 'तिला काही कळत नाही' हे वाक्य इथंच पडतं. गोष्ट जुळत नाही हे तिला दिसलेलं आहे. का जुळत नाही ते तिनं स्वतःला विचारलेलं नाही.

'म्हणे'ची गंमत वेगळी. ऐकीव गोष्ट सांगताना आपण तो लावतो, आणि आवाज जरा बदलला तर त्यातच 'खरं-खोटं देव जाणे' हेही येतं. 'तिकडं वैरण लई हाय म्हणे' हा 'म्हणे' आईचा असू शकतो, म्हणजे आईच ऐकीव म्हणून सांगते आहे. किंवा मुलीचा असू शकतो. मुलीचा धरला तर तो फक्त वैरणीला लागलेला आहे, 'गेलीया'ला नाही, हे बघण्यासारखं. यापुढं ओढू नये. एका 'म्हणे'वर अख्खी अविश्वासाची इमारत उभी केलेली दोन पत्रं आली होती, ती आम्ही बाजूला ठेवली.

असंच 'कळलं', 'समजलं', 'उमगलं', 'जाणवलं' यांचं. मुलाच्या तोंडी 'कळलं' चालतं, 'समजलं' चालतं. 'उमगलं'मध्ये मागं वळून बघणं असतं आणि 'जाणवलं'मध्ये स्वतःच्या मनावर नजर ठेवणं. आठ वर्षांचा निवेदक 'मला जाणवलं' म्हणाला की समजावं, बोलतोय तो मोठा झालेला माणूस. कादंबरीत तसं मुद्दाम केलेलं असतं तेव्हा ते चालतं. मग एकाच 'मी'मध्ये दोन वयं आहेत हे धरून वाचावं लागतं.

प्रश्न : माझं माहेर पुणं. मी हा उतारा मुलाचा समजून वाचला, कारण 'उठलो', 'आलो' असं आहे. सासरच्या मंडळींना पहिल्या ओळीपासून ती मुलगीच वाटली. छपाईची चूक आहे का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : चूक नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरगुती बोलीत मुली आणि बायकाही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, त्यामुळं इथं 'उठलो'वरून मुलगा की मुलगी ते ठरत नाही. ठरतं वेणीवरून. सासरच्यांना पहिल्या ओळीतच मुलगी दिसली असेल तर तो अंदाज होता, बरोबर आला एवढंच. पुरावा पाच ओळींनी येतो. बोलीतली कादंबरी वाचताना निवेदकाचं लिंग, वय आणि नाती क्रियापदावरून न ठरवता वस्तूंवरून आणि इतर माणसांच्या हाकेवरून ठरवावीत.

प्रश्न : मुलीचं वय किती धरायचं? मानसशास्त्राप्रमाणे त्या वयात आईचं खोटं ओळखता येतं का? (एक पालक, शिवाजी पेठ)

उत्तर : उताऱ्यात वय दिलेलं नाही. दप्तर आहे, शाळा आहे, वेणी अजून आई घालते, आबा बाजारातून काय आणतात याचा पाठ तिच्या डोक्यात पक्का आहे. सात ते नऊ धरलं तर कुठं अडत नाही.

दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते हे मुलांना कधीपासून कळतं, यावर हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी १९८३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्ट साधी होती. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागं आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मुलगा परत आल्यावर कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा चॉकलेट खरोखर जिथं आहे ते कपाट दाखवतात. चार-पाचच्या पुढं मुलं पहिलं कपाट दाखवायला लागतात. याच दोघांनी १९८५ मध्ये पुढची पायरी तपासली : 'याला काय वाटतं असं त्याला वाटतं', असा दुहेरी पेच. तो सहा-सात वर्षांच्या आसपास सुटायला लागतो.

आता काकूंचा प्रसंग बघा. काकूंनी विचारलं आईला. आईनं चुलीकडं बघितलं. उत्तर दिलं मुलीनं. आईला हे उत्तर द्यायचं नाही, आणि ते कुणीतरी दिलं पाहिजे, एवढं तिनं हेरलं आहे. तेही शब्दाला शब्द आईचंच वाक्य, 'पाऊस पडला की'सकट. या वयाच्या मुलीला ते जमण्यासारखं आहे. म्हशीचं काय झालं यापेक्षा आईचं काय चाललंय हे तिला जास्त कळलं आहे. घटना मागं, माणूस पुढं. मुलं मोठ्यांचं गूढ बहुतेक वेळा असंच वाचतात.

एक धोका मात्र आहे. मानसशास्त्रातलं वय ही पात्राला लावायची पट्टी नव्हे. 'आठव्या वर्षी मुलांना हे कळतं, म्हणून हिला कळलं' हा युक्तिवाद उलटा आहे. आधी वाक्य, मग वाटलं तर प्रयोग.

प्रश्न : अशाच प्रकारे घरातल्या मृत्यूबद्दल मुलांना 'देवाघरी गेले' सांगतात. कादंबरीत असा प्रसंग आला तर हेच रकाने चालतील का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : चालतील, पण 'कळलं' या एका शब्दाचे तिथं तीन तुकडे करावे लागतात. गेलेला माणूस परत येत नाही, हा एक. त्याचं खाणं, ऐकणं, थंडी वाजणं सगळं थांबलं, हा दुसरा. हे सगळ्यांना आहे, मलाही, हा तिसरा. १९८४ साली स्पीस आणि ब्रेंट यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना बहुतेक मुलांत हे तिन्ही भाग पाच ते सातच्या दरम्यान जमलेले दिसले. त्याआधी १९४८ मध्ये मारिया नॅगी यांनी हंगेरीतल्या मुलांशी बोलून पाच वर्षांखालच्यांना मृत्यू हा प्रवासासारखा, परतीचा वाटतो असं मांडलं होतं.

समजा, प्रसंगात नात आजोबांच्या चपला रोज दाराशी सरळ करून ठेवते. लगेच 'आजोबा परत येतील असं तिला वाटतं' लिहू नका. चपला सरळ करणं हे तिचं रोजचं काम असेल तर ती फक्त काम करते आहे. आजोबांना ऊन लागेल म्हणून चपला हव्यात असं म्हणाली, तर दुसरा तुकडा कच्चा आहे. आणि एक दिवस ती स्वतःच्या चपला त्या चपलांशेजारी ठेवायचं टाळायला लागली, तर तिसरा तुकडा तिला लागला असावा. तुकडा कुठला ते ठरवल्याशिवाय 'कळलं' किंवा 'नाही कळलं' लिहू नये.

प्रश्न : फिरवाफिरवी न करता सांगा. शेवटच्या ओळीत मुलीला कळलं आहे की नाही? आणि दाव्याचं एवढं काय? आमच्या वाचन गटातल्या तरुण मुलांना ते समजलंच नाही. (एक वाचन गट, गंगावेश)

उत्तर : आधी दावं. जनावर विकलं तरी त्याचं दावं द्यायचं नाही, घरात ठेवायचं, दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, अशी समजूत आपल्याकडं अनेक घरांत आहे. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. जनावर चार महिने पाहुण्यांकडं ठेवायला नेलं तर ते दाव्यासकट जाईल. म्हणून दावं मागं राहिलं म्हणजे म्हैस विकली, हे गोठा असलेल्या घरात सांगावं लागत नाही. पिशवीच्या दुधावर वाढलेल्या मुलांना सांगावं लागेल, त्यात त्यांचा दोष नाही. शिवाय दावं कुठं आहे तेही बघा. आबांच्या ध्यानातून गेलं असतं तर ते खुंट्यापाशी शेणात पडलेलं असतं. ते भिंतीच्या खुंटीला अडकवलेलं आहे. कुणीतरी सोडून, उचलून, जागेवर ठेवलं आहे. मुलीला ते अडकवलेलं दिसतं, ती तसं सांगतेही, आणि लगेच म्हणते, ध्यानात आलं नसणार. डोळ्यांनी बरोबर टिपलेलं आणि जोडताना चुकलेलं असं एका ओळीत शेजारीशेजारी बसलं आहे. लेखक मुलीच्या डोक्यावरून वाचकाला खूण करतो तो अशा जागी. चालरीत वाचकाला ठाऊक, मुलीला नाही. म्हणून ही चालरीत 'मला ठाऊक'च्या खाली जाते.

आता शेवटची ओळ. इथं सदर लिहिणाऱ्या आम्हा दोघांचं एकमत नाही, ते तसंच मांडतो. एक मत असं : गंगी येणार नाही हे तिला कळलं आहे. सकाळी दावं 'द्यायचं' म्हणून दप्तरात होतं, दिवसभर ते तिनं शाळेत वागवलं. रात्री ते दप्तरातून निघून अंथरुणाखाली गेलं, म्हणजे देण्याच्या वस्तूची ठेवण्याची वस्तू झाली. 'द्यायचंच हाय' मधला 'च' हा स्वतःलाच बजावणारा आहे, आणि 'पण'नं तो लगेच पुसला. दुसरं मत असं की एवढं नको. तिला गंगीची आठवण येते, दावं जवळ हवंसं वाटतं, आणि ते ठेवून घ्यायला तिला एक सबब हवी आहे. 'लगेच लागणार न्हाई' ही सबब आहे, निष्कर्ष नव्हे.

दोन्ही मतांत एक गोष्ट सारखी आहे : विक्री, पैसा, शाळा हे तिनं जोडलेलं नाही. त्यामुळं "तिला सगळं कळलं होतं, ती आईसाठी गप्प राहिली" हे उत्तर, जे पत्रांत बऱ्याचदा आलं, ते आम्हा दोघांनाही मान्य नाही. भरून आलेल्या गळ्यानं वाचलं की मूल असं मोठं होतं.

प्रश्न : महिन्याच्या कार्यक्रमात या उताऱ्याचं अभिवाचन करायचं आहे. लहान मुलीचा आवाज काढावा का? (एक हौशी कलाकार, मंगळवार पेठ)

उत्तर : काढू नये. आवाज बारीक केला की लोक पहिल्या वाक्याला हसतात आणि मग दाव्यापर्यंत हसतच राहतात. आपल्या आवाजात, वाक्यं तोडून, एका वेगात वाचा. मुलगी यादी सांगते आहे, गोष्ट रंगवत नाही. 'नसणार' आणि 'असणार' यांच्यावर जोर देऊ नका, ती वाक्यं इतरांपेक्षा किंचित भरभर जाऊ द्या; ठिगळ माणूस घाईनंच लावतो. 'म्हणे' सरळ, डोळा न मिचकावता. 'आईनं चुलीकडं बघितलं' नंतर दोन सेकंद थांबा, त्या दोन सेकंदांतच मुलगी ठरवते. 'हाताला शेणाचा वास नव्हता' हे सगळ्यात सपाट वाचायचं वाक्य. इथं आवाज कापला तर तुम्ही रडलात, मुलगी नाही. शेवटच्या 'न्हाई'वर सूर खाली आणू नका, मधेच सोडा. उतारा सावकाश वाचला तर अडीच मिनिटांच्या आसपास बसतो. चारच्या वर गेला तर कुठंतरी अभिनय चाललाय असं समजा.

प्रश्न : परीक्षेच्या उत्तरात 'लई', 'न्हाई' लिहावं का? (एक विद्यार्थी)

उत्तर : अवतरणात जसंच्या तसं, तुमच्या वाक्यात प्रमाण.

प्रश्न : मी कादंबरी लिहीत आहे, निवेदक सात वर्षांचा आहे. पन्नास पानांनंतर त्याचे शब्दच संपतात. काय करावं? (एक वाचक, कागल)

उत्तर : ही जुनी अडचण आहे. हेन्री जेम्सनं १८९७ च्या 'व्हॉट मेझी न्यू' या कादंबरीत घटस्फोटित आईबापांमध्ये फिरवली जाणारी मुलगी घेतली, पण निवेदन तृतीयपुरुषी ठेवलं. पुढं प्रस्तावनेत त्यानं कारण सांगितलं : लहान मुलांना जितकं दिसतं आणि जाणवतं, तितकं सांगायला त्यांच्याकडं शब्द नसतात. म्हणून डोळे मुलाचे, शब्द लेखकाचे. तुमच्यापुढं तोच मार्ग आहे. प्रथमपुरुषच हवा असेल तर मोठं झालेल्या माणसाला आठवायला लावा, किंवा शब्द कमीच ठेवून वस्तू वाढवा.

लिहिलेलं पान तपासायचं असेल तर त्यातल्या उपमा काढून कागदावर उतरवा. मुलानं कधी न बघितलेली वस्तू उपमेत आली की ती खोडा. मुलाच्या चुका बघा : ऐकणाऱ्याला हसू यावं म्हणून केलेली चूक आणि हातात असलेल्या माहितीवरून झालेली चूक यांत दुसरीच ठेवा. 'मामाच्या गावातबी भडंग मिळत असणार' ही चूक आहे, पण तिच्यामागचं गणित बरोबर आहे. बोबडे शब्द पहिल्या पानावर गोड लागतात, दहाव्यावर नाही.

प्रश्न : सगळे मुलीबद्दलच विचारतात. काकूंना काय कळलं? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : काकूंना सगळं कळलं असं आम्हाला वाटतं, आणि तेही न सांगता. चरवी पालथी, आई गप्प, उत्तर पोरीकडून. 'कधी आणणार?', 'दुधाचं काय करताय?' हे शेजारणीचे साहजिक प्रश्न त्यांनी विचारले नाहीत. 'बरं झालं बाई' हे बोलल्या त्या कुणाला, तेही बघा : उत्तर मुलीनं दिलं, पण 'बाई' आईला आहे. म्हैस गेली यात बरं काहीच नाही. बरं झालं म्हणजे एवढ्यावर विषय मिटवला. रिकामं भांडं घेऊन त्या फिरल्या. हे त्यांनी दावं न बघता ओळखलं. ते सकाळपासून दप्तरात होतं.